चुटकीचं गणित

१,४०,००,६०५. एक कोटी चाळीस लाख सहाशे पाच.

टायटन नावाच्या उजाड ग्रहावर डॉक्टर स्ट्रेंज मांडी घालून अधांतरी बसतो. त्याचं डोकं भिंगरीसारखं हलतं आणि भानावर आल्यावर तो सांगतो, की येऊ घातलेल्या लढाईची इतकी भविष्यं मी पाहून आलो. त्यांतल्या कितींत आपण जिंकतो, असं आयर्न मॅन टोनी स्टार्क विचारतो. उत्तर येतं, एका.

'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'मधल्या या आकड्याची खरी करामत शेवटच्या ६०५ मध्ये आहे. 'दीडेक कोटी' म्हटलं असतं तर स्ट्रेंज पारावरचा गप्पिष्ट वाटला असता. ६०५ म्हटल्यामुळे तो पंचनामा करून आलेल्या तलाठ्यासारखा वाटतो. प्रेक्षक आकडा विसरतो, पण माणूस मोजून आलाय एवढं त्याला पटतं.

आपणही जरा मोजून पाहू. स्ट्रेंजने प्रत्येक भविष्य या सिनेमाएवढंच, म्हणजे १४९ मिनिटांचं पाहिलं असं धरलं, तर झाली २०८ कोटी ६० लाख मिनिटं. न झोपता, न जेवता जवळजवळ ३,९७० वर्षं. सिनेमा आला २०१८ मध्ये. तिथून तेवढं मागे गेलं की आपण इसवी सनापूर्वी १९५० च्या आसपास पोचतो. तेव्हा प्रवरेच्या काठी दायमाबादला उत्तर हडप्पा काळातली वस्ती होती. १९७४ मध्ये तिथे बैलजोडीचा जो ब्राँझचा रथ सापडला, तो अनेक संशोधक त्याच काळातला मानतात. तो रथ घडत असताना स्ट्रेंज पहिलं भविष्य बघायला बसला असता, तर 'इन्फिनिटी वॉर' लागण्याच्या सुमारास शेवटचं संपवून उठला असता.

आता दुसरा हिशेब. या सिनेमात नायक म्हणावेत असे लोक किती? मोजण्यावरून भांडण होईल, पण दोन डझन धरायला हरकत नाही. त्यांतल्या प्रत्येकाबद्दल 'लढाईत आहे' किंवा 'नाही' एवढ्या दोनच शक्यता धरल्या, तरी २४ जणांच्या १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ जुळण्या होतात. म्हणजे कोण लढलं आणि कोण नाही एवढं एकदा पाहायचं म्हटलं, तरी स्ट्रेंजचे जवळजवळ २८ लाख प्रयोग बघायचे राहिलेच. ख्रिस्तोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली या पटकथाकारांना यातूनच एक निवडायचा होता.

गर्दीच्या सिनेमाबद्दल आपण सहसा म्हणतो, की माणसं फार झाली, प्रत्येकाच्या वाट्याला वेळ कमी आला. १४९ भागिले २४, माणशी सहा मिनिटं. ही तक्रार खरी आहे, पण ती अडचणीचा धाकटा भाऊ. थोरला भाऊ निराळाच आहे. एकत्र कुटुंबात सून आली की माणूस एकच वाढतं, पण नाती घरातल्या डोक्यांइतकी वाढतात: सासूशी एक, दिराशी एक, जावेशी एक, कोपऱ्यात खोकणाऱ्या आजेसासऱ्यांशीही एक. २०१२ च्या पहिल्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये सहा नायक होते. सहा जणांच्या जोड्या होतात १५. सिनेमा १४३ मिनिटांचा, म्हणजे एका जोडीला साडेनऊ मिनिटं. तेवढ्यात भांडण, रुसवा, समेट सगळं बसतं. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये माणसं चौपट झाली, जोड्या झाल्या २७६. एका जोडीच्या वाट्याला ३२ सेकंद. बत्तीस सेकंदांत लिफ्टमध्ये भेटलेला शेजारी 'काय, बरंय ना?' एवढंच विचारू शकतो.

आणि तरीही तो सिनेमा कोसळत नाही. मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. दिग्दर्शक अँथनी आणि जो रुसो या भावांनी २७६ नाती सांभाळायचा नादच सोडला. त्यांनी जमावाचे तुकडे केले, प्रत्येक तुकडीला एकेक काम दिलं, आणि तुकड्या पाडताना आधी कधी न भेटलेल्यांना एका बाकावर बसवलं. थॉर पडला रॉकेट नावाच्या बंदूकधारी रकूनच्या पदरी. टोनी स्टार्कला मिळाला डॉक्टर स्ट्रेंज, म्हणजे सारखीच दाढी, सारखाच अहंकार. यानात बसलेला थॉर आपली कोणकोण माणसं गेली ते रॉकेटला हसत हसत सांगतो: बहीण, वडील, आई, भाऊ, मित्र. त्याचं हसू हळूहळू आटत जातं. हा प्रसंग फार तर दोन-तीन मिनिटांचा, पण इतर सात सिनेमांतला थॉर मला एवढा कळला नव्हता.

दुसरी युक्ती याहून धूर्त. दोन डझन नायकांत नायक कोण, हा प्रश्न पडू नये म्हणून त्यांनी खलनायकालाच नायक केलं. चाहत्यांनी घड्याळ लावून काढलेल्या हिशेबात सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर आहे तो थॅनोस, सुमारे २९ मिनिटं. कॅप्टन अमेरिकेला दहासुद्धा नाहीत. कथा थॅनोसची, प्रवास त्याचा, मुलीचा बळी देऊन रडणाराही तोच. सिनेमा संपल्यावर परतीचं आश्वासन देणारी पाटी लागते तीही थॅनोसच्याच नावाची.

पैशांचं सांगायचं तर लवकर सांगून टाकतो, कारण त्या आकड्यांनी थक्क व्हायची सवय आता गेली आहे. दुसरा भाग, 'एंडगेम', २६ एप्रिल २०१९ ला आला. लांबी १८१ मिनिटं. खर्च ३५ कोटी ६० लाख डॉलर सांगितला जातो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण २,५०० कोटी रुपये. पडद्यावरच्या एका सेकंदाला २३ लाख. अमेरिकेत मध्यंतर नसतं, त्यामुळे तीन तासांच्या या सिनेमात लघुशंकेला नेमकं कधी उठावं यावर तिकडे गंभीर चर्चा झाली. चार मिनिटं बाहेर जाऊन आलं की ५५ कोटींचा सिनेमा बुडाला. भारतात हा सिनेमा २,८४५ पडद्यांवर लागला आणि पहिल्या दिवसाची निव्वळ कमाई ५३ कोटींच्या आसपास होती, म्हणजे अमेरिकेतल्या एका लघुशंकेइतकी. आपल्याकडे मध्यंतर असल्यामुळे हा प्रश्न आला नाही. सामोशाच्या रांगेचा आला.

जगभरातली कमाई जवळजवळ २८० कोटी डॉलर. त्यातले १२० कोटी तर पहिल्या पाच दिवसांतच आले. जुलै २०१९ मध्ये त्याने 'अवतार'ला मागे टाकलं, आणि २०२१ मध्ये 'अवतार' चीनमध्ये पुन्हा लावून त्याने आपलं सिंहासन परत घेतलं. विक्रमांची ही कुस्ती ज्यांना आवडते त्यांनी जरूर बघावी.

'एंडगेम' लागला त्या शुक्रवारी मुंबईत काही ठिकाणी अहोरात्र खेळ होते. सोमवारी लोकसभेचं मतदान होतं, शहर घामाने आणि प्रचाराच्या भोंग्यांनी चिकट झालं होतं. भाच्याने मला पहाटेच्या खेळाला ओढून नेलं. जाताना रिक्षात त्याने माझी तोंडी परीक्षा घेतली. "मामा, तुम्ही 'रॅग्नारोक' पाहिलाय ना? 'सिव्हिल वॉर'? मग तुम्हाला काही कळणार नाही."

त्याचं बरोबर होतं. 'एंडगेम' हा या मालिकेतला बाविसावा सिनेमा. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून सगळ्यांच्या लांबीची मी बेरीज केली: २,८६८ मिनिटं, अठ्ठेचाळीस तासांना थोडी कमी. एका सिनेमाच्या तयारीसाठी आधीचे जवळजवळ ४५ तास बघायचे. शेवटी स्टार्कच्या अंत्यविधीला कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून शांतपणे फिरतो. कोट्यवधी डॉलरचे नटनट्या ओळीने उभे आहेत आणि कोणी अवाक्षर बोलत नाही. त्या गर्दीत मागे एक उंच पोरगा एकटाच उभा आहे. सगळं थिएटर कुजबुजलं, हा कोण? माझा भाचाही अडला. तो निघाला 'आयर्न मॅन ३'मधला हार्ली नावाचा लहान मुलगा. २०१३ च्या सिनेमातलं पोर सहा वर्षांत वाढलं होतं. या प्रकाराला मी दोष म्हणतो, भाचा गुण म्हणतो. त्याच्या मते लग्नात सगळे पाहुणे ओळखू यायलाच हवेत असं कुठे आहे?

बेरजेची अजून एक गंमत. याच सिनेमात स्टार्कची छोटी मुलगी बापावरचं प्रेम आकड्यात सांगते, तीन हजार. 'एंडगेम'नंतर दोन महिन्यांनी आलेल्या 'स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम'ची १२९ मिनिटं माझ्या बेरजेत मिळवली की होतात २,९९७. तीन मिनिटं इकडे तिकडे, पण चाहत्यांना एवढं पुरलं. लोकांच्या तोंडी जो आकडा राहिला तो २८० कोटी नव्हे, आणि १,४०,००,६०५ ही नव्हे.

आता तक्रारी. पहिली डोळ्यांची. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये सुमारे २,७०० शॉट आहेत आणि त्यांतले जेमतेम ८० सोडले तर प्रत्येकात संगणकाचा हात लागलेला आहे. सरासरी तीन सेकंदांना एक तुकडा. थॅनोसचा चेहरा हे या कामाचं शिखर, जॉश ब्रोलिनच्या ओठांची बारीक थरथर त्या जांभळ्या जबड्यात उतरली आहे. पण 'एंडगेम'मधली शेवटची लढाई बघताना मला वाटलं, की गॅसवर चहा उतू गेल्यावर ओट्यावर जो रंग पसरतो त्यात हजारो माणसं लढताहेत.

दुसरी तक्रार बायकांची. बाविसांपैकी एकट्या नायिकेच्या नावावर एकच सिनेमा, तोही एकविसावा, 'कॅप्टन मार्व्हल'. मग भरपाई म्हणून त्या लढाईच्या ऐन मध्यात सगळ्या नायिका एका चौकटीत येऊन उभ्या राहतात, हळदीकुंकवाच्या ग्रुप फोटोसारख्या, आणि काही सेकंदांत पांगतात. ब्लॅक विडो २०१० पासून या घरात राबत होती. 'एंडगेम'मध्ये ती जीव देते. स्टार्कला तळ्याकाठी अंत्यविधी मिळतो, तिला धक्क्यावर उभ्या पुरुषांची दोन मिनिटं. तिच्या नावाचा सिनेमा आला २०२१ मध्ये, ती मेल्यावर.

तिसरी तक्रार गंभीर आहे, आणि ती चुटकीची आहे. थॅनोस सहा मणी गोळा करून चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव राख होऊन उडतात. तो वारंवार सांगतो, की ही सोडत निष्पक्ष आहे. गरीब-श्रीमंत भेद नाही, प्रत्येकाला अर्धी-अर्धी शक्यता. ठीक. मग २०१२ चे मूळ सहाच्या सहा अ‍ॅव्हेंजर्स वाचण्याची शक्यता किती? चौसष्टात एक. आणि ते सहाही वाचतात. त्या सहांतल्या हॉकआयची बायको आणि तीन मुलं, चौघंही जाण्याची शक्यता सोळात एक. चौघंही जातात. दोन्ही गोष्टी एकदम होण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. म्हाडाच्या सोडतीत असा निकाल लागला असता तर लोक कोर्टात गेले असते.

कोण राख झालं आणि कोण उरलं, याची यादी समोर ठेवली की सोडतीमागचा हात दिसतो. ज्यांना पुढच्या भागात निरोप द्यायचा होता ते उरले. ज्यांच्या जिवावर पुढची दहा वर्षं काढायची होती ते गेले. ब्लॅक पँथर वाकांडाच्या मातीत विरघळला, तेव्हा त्याचा स्वतःचा सिनेमा दहा आठवड्यांपूर्वीच लागला होता आणि त्याची कमाई १३० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. स्पायडर-मॅनच्या पुढच्या सिनेमाची तारीख तर आधीच जाहीर होती. ज्याच्या नावावर जुलै २०१९ ची तारीख पडली आहे, तो एप्रिल २०१८ मध्ये मेला म्हणून कोण रडणार?

सगळे रडले. मीही. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, स्टार्कच्या गळ्यात पडून विरत जातो तेव्हा थिएटरात कोणाला वेळापत्रक आठवत नव्हतं. या सिनेमाची ताकद अशी अगदी लहान आकड्यांत आहे. एक पोरगा, एक बापासारखा माणूस. दोन डझनांपर्यंत रुसो बंधूंचा हात पक्का आहे. त्यापुढचे शून्य लागायला लागले की तो सुटतो.

शून्य किती लागतात ते बघा. २०१८ मध्ये जगाची लोकसंख्या साधारण ७६६ कोटी होती. निम्मे गेले म्हणजे ३८३ कोटी. 'एंडगेम'मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेलेल्यांची नावं कोरलेल्या शिळा दिसतात. जगभरातल्या सगळ्यांची नावं वाचायची ठरवली, सेकंदाला एक, रात्रंदिवस, तर शेवटच्या नावाला पोचायला १२१ वर्षं लागतील. सिनेमा या दुःखासाठी गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेली काही माणसं, एक ओस पडलेलं मैदान आणि ओळीने उभ्या बेवारस बोटी दाखवतो. ते चांगलं दाखवतो. पण मग तो घाईने कालप्रवासाच्या यंत्रात शिरतो.

थॅनोसचा युक्तिवाद जुनाच: साधनं मोजकी, तोंडं अमाप. माल्थसने १७९८ मध्ये लोकसंख्येवरचा आपला निबंध लिहिला तेव्हा जगात पुरती शंभर कोटी माणसंही नव्हती. जग शेवटच्या वेळी ३८३ कोटींचं होतं ते १९७२ च्या सुमारास, म्हणजे एवढी उठाठेव करून थॅनोसने आपल्याला जेमतेम ४६ वर्षं मागे नेलं. आतड्यातल्या जिवाणूंचे निम्मे उडवले तर सगळं पोषक असताना वीस मिनिटांत भरपाई होते. माणसांना अर्धशतक लागतं. विश्वाच्या हिशेबात दोन्ही सारखंच. महाराष्ट्राचंच बघायचं तर २०११ च्या जनगणनेत आपण ११ कोटी २४ लाख होतो. निम्मे केले तर ५ कोटी ६२ लाख. १९७१ च्या जनगणनेत होतो ५ कोटी ४ लाख.

आणि १९७२ म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट आठवते.

आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची, मराठवाड्यात. आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, दहा जणांत एक. सुकडी वाटत. लाल मिलोच्या भाकरी होत, ज्यांची चव आईला आजही तोंड वाकडं करूनच सांगता येते.

मागे एकदा टीव्हीवर हे दोन्ही सिनेमे हिंदीत लागले. मराठीत ते आलेच नाहीत. आई मेथी निवडत बघत होती. मी तिला थॅनोसचं म्हणणं समजावून सांगितलं आणि माझा आकड्यांचा हिशेबही.

"म्हणजे माणसं निम्मी झाली की सगळ्यांना पोटभर?" तिने विचारलं.

"त्याचं म्हणणं तसं."

"मग बहात्तरला होतो की आम्ही निम्मेच." तिने एक काडी बाजूला टाकली. "आणि पेरणारेही निम्मेच उरले असतील ना?"

यावर थॅनोसकडे उत्तर नाही, रुसो बंधूंकडेही नाही.

पुढे 'एंडगेम'मध्ये पाच वर्षांनी उलटी चुटकी वाजते आणि ३८३ कोटी माणसं एका क्षणात परत येतात. माणशी दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरलं तरी पहिल्याच दिवशी १५ लाख टन जास्तीचं लागेल. दहा टनी ट्रक दीड लाख. एकामागे एक लावले तर मुंबईपासून जवळजवळ दिल्लीपर्यंत. पाच वर्षं निम्म्या जगापुरतंच पेरणाऱ्या जगाने हे आणायचं कुठून? सिनेमात खिडकीबाहेर पक्षी किलबिलतात आणि टेबलावर हॉकआयचा फोन थरथरतो. पडद्यावर बायकोचं नाव. ३८३ कोटींचं परत येणं त्यांनी एका फोनमध्ये मावेल एवढं केलं आणि तिथे माझ्या अंगावर पुन्हा काटा आला.

आईने मेथीवरून मान वर केली. "पाच वर्षांनी परत आली होय ही? पोरांना घेऊन?"

"हो."

"घर बंदच असेल मधे. डब्यातल्या पिठाला जाळी लागली असेल," ती म्हणाली. "रात्री काय केलं असेल रे हिने जेवायला?"